रॅमची पारख

डायनॅमिक रॅमच्या अस्थैर्याचे मूळ तिच्या रचनेतच आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलेली आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालेली ही रचना अतिशय साधी आहे: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. मात्र हा भार टिकत नाही. पाझरणाऱ्या माठातले पाणी उतरत जावे तसा तो उतरत जातो आणि शून्य व एक यांतला फरक पुसला जाण्याआधी प्रत्येक घर, म्हणजे एका बिटची जागा, वाचून पुन्हा भरावे लागते. डीडीआर४ या पिढीच्या प्रमाणित रॅममध्ये ही फेरी ६४ मिलिसेकंदांत पूर्ण व्हावी लागते. चिप फार तापली तर त्याच्या निम्म्या वेळात. एका चिपवर अशी कोट्यवधी घरे असतात आणि सगळ्यांचा पाझर सारखा नसतो. त्यांतले सर्वांत अशक्त घरही ठरल्या मुदतीपर्यंत तग धरेल, याची हमी देणे हे कारखान्याचे खरे कसब. ते सर्व कंपन्यांकडे सारखे कधीच नव्हते. रॅमच्या तुलनेचा इतिहास म्हणजे हा फरक ओळखण्याच्या धडपडीचा इतिहास आहे.

डायनॅमिक रॅमआधीच्या संगणकांची स्मृती चुंबकीय होती. तारांच्या जाळीत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांत बिट साठवले जात. ओवण्याचे काम किचकट आणि महाग असले तरी वीज गेल्यावरही मजकूर जागेवर राहत असे. या पद्धतीला पहिला मोठा धक्का दिला तो इंटेलच्या ११०३ या चिपने. ऑक्टोबर १९७० मध्ये बाजारात आलेल्या या चिपमध्ये १,०२४ बिट मावत. तिच्या एका घरात तीन ट्रान्झिस्टर होते आणि दर दोन मिलिसेकंदांनी तिला ताजे करावे लागे. ती चालवताना अभियंत्यांची दमछाक होई. तरीही स्वस्ताईच्या बळावर तिने कड्यांची स्मृती मागे टाकली. डेनार्ड यांची एका ट्रान्झिस्टरची रचना रुळली ती पुढच्या, ४ किलोबिटच्या पिढीत.

याच पिढीत तुलना शक्य करणारी गोष्ट घडली. टेक्सासमधील मॉस्टेक कंपनीने १९७३ मध्ये पत्ता दोन हप्त्यांत पाठवण्याची युक्ती वापरून आपली ४ किलोबिटची चिप अवघ्या १६ पायांच्या आवरणात बसवली. १६ किलोबिटच्या चिपमध्ये हीच मांडणी सर्वमान्य झाली. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना एकाच पुरवठादाराच्या भरवशावर राहायचे नव्हते, त्यामुळे प्रत्येक चिपला दुसरा उत्पादक असावा असा त्यांचा आग्रह असे. परिणामी अनेक कंपन्यांचा माल एकाच सॉकेटमध्ये बसू लागला. कोणाचा माल किती टिकतो, हा प्रश्न विचारायला आता अर्थ आला.

उत्तर मात्र सोपे नव्हते. चिप कायमची निकामी न होताही चुकत असे: एखादा बिट अचानक उलटायचा आणि पुन्हा लिहिल्यावर तेच घर बिनचूक चालायचे. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी याचे कारण शोधून काढले. चिपच्या सिरॅमिक आवरणात युरेनियम आणि थोरियम यांचे अत्यल्प अंश होते. त्यांतून निघणारा एखादा अल्फा कण सिलिकॉनमध्ये शिरला की त्याच्या वाटेवर तयार होणारा भार घरातल्या साठ्याला गिळून टाकत असे. घरे जसजशी लहान होत गेली तसतसा हा धोका वाढत गेला. आवरणाचा कच्चा माल अधिक शुद्ध करणे आणि चिपवर संरक्षक लेप देणे हे उपाय त्यानंतर रूढ झाले. स्थैर्य केवळ चिपच्या आराखड्यात नसते, ती कशात गुंडाळली आहे यावरही अवलंबून असते, हे या शोधाने कायमचे सिद्ध केले.

२५ मार्च १९८० रोजी वॉशिंग्टनमध्ये जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने गुणवत्ता नियंत्रणावर एक परिषद भरवली होती. तिथे ह्यूलेट-पॅकार्डच्या संगणक विभागाचे प्रमुख रिचर्ड अँडरसन बोलायला उभे राहिले. त्यांनी दाखवलेला तक्ता हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणावा लागेल. ह्यूलेट-पॅकार्डला काही वर्षांपूर्वी अमेरिकी कंपन्यांकडून १६ किलोबिटच्या चिप पुरेशा मिळेनात, म्हणून त्यांनी जपानी माल घ्यायला सुरुवात केली होती. आता तीन अमेरिकी आणि तीन जपानी पुरवठादारांकडून आलेल्या सुमारे ३ लाख चिपची नोंद त्यांच्या हाती होती. माल कारखान्यात आल्यावर होणाऱ्या तपासणीत अमेरिकी कंपन्यांच्या ०.११ ते ०.१९ टक्के चिप नापास झाल्या होत्या. तिन्ही जपानी कंपन्यांच्या रकान्यात शून्य होते.

दुसरा आकडा याहून बोलका होता. यंत्रात बसवल्यानंतर दर हजार तासांत किती चिप बिघडतात, हे त्यात दिले होते. जपानी कंपन्यांचे प्रमाण ०.०१० ते ०.०१९ टक्के होते, अमेरिकी कंपन्यांचे ०.०५९ ते ०.२६७ टक्के. म्हणजे अमेरिकेतली सर्वोत्तम कंपनी जपानच्या सर्वोत्तम कंपनीच्या सहापट चुकत होती, आणि सर्वांत कच्ची कंपनी जवळजवळ सत्तावीसपट. टक्केवारी ऐकायला क्षुल्लक वाटते. यंत्राच्या हिशेबात मांडली की तिचे वजन कळते. १६ किलोबिटच्या चिप वापरून १ मेगाबाइट स्मृती उभी करायची तर ५१२ चिप लागतात. अखंड चालणाऱ्या अशा यंत्रात सर्वांत कच्च्या कंपनीचा माल असेल, तर सरासरी महिन्याभरात एक चिप जाणार. सर्वांत चांगल्या कंपनीचा असेल, तर तेवढ्याच बिघाडाला दोन वर्षांहून अधिक काळ लागणार. बँक, विमानतळ किंवा प्रयोगशाळा यांना संगणक विकणाऱ्यासाठी हा फरक जीवनमरणाचा होता.

अँडरसन यांनी सहापैकी एकाही कंपनीचे नाव घेतले नाही. तक्त्यात फक्त देश आणि क्रमांक होते. तरी सभागृहातल्या अमेरिकी उत्पादकांना जे कळायचे ते कळले. जपानी माल निवडून पाठवलेला असणार, असा युक्तिवाद काहींनी केला. परंतु खरे कारण कारखान्याच्या पद्धतीत होते. अमेरिकेत चिप बनवून शेवटी तपासायची आणि वाईट बाजूला काढायची अशी रीत होती. जपानमध्ये प्रत्येक टप्प्यावर मोजमाप होत असे, माणसाचा हात शक्य तिथे टाळला जाई आणि दोष सापडला की त्याचा माग मुळापर्यंत काढला जाई. १९७६ ते १९८० या काळात जपान सरकारच्या पुढाकाराने फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा यांनी एकत्र चालवलेल्या संशोधन प्रकल्पाचाही या प्रगतीत वाटा होता. अँडरसन यांच्या तक्त्यानंतर अमेरिकी मालाची गुणवत्ता झपाट्याने सुधारली, मात्र बाजार तोवर निसटला होता. ज्या इंटेलने हा धंदा उभा केला तिनेच १९८५ मध्ये डायनॅमिक रॅम बनवणे सोडले. दुसऱ्या वर्षी अमेरिका आणि जपान यांच्यात सेमीकंडक्टर करार झाला. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि आयडाहोमधली मायक्रॉन अशा मोजक्याच कंपन्या तग धरून राहिल्या. १९८३ मध्ये ६४ किलोबिटची चिप घेऊन उतरलेल्या कोरियाच्या सॅमसंगने पुढच्या दहा वर्षांत जपानलाही मागे टाकले.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खरेदीदार सुट्या चिपच विकत घेत होता. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या बोर्डवर नऊ-नऊ चिपच्या रांगा असत. आठ चिप माहितीसाठी आणि नववी पॅरिटीसाठी, म्हणजे आठ बिटांत चूक झाली का ते ओळखण्यासाठी. तापण्या-निवण्याने सुट्या चिप सॉकेटमधून हळूहळू वर सरकत आणि यंत्र अडखळू लागे; दुरुस्ती करणारा झाकण उघडून त्या अंगठ्याने दाबून बसवी. वँग लॅबोरेटरीजमध्ये १९८३ मध्ये तयार झालेल्या सिम या छोट्या पट्टीने ही कटकट मिटवली. नऊ चिप एका पट्टीवर कायमच्या जोडलेल्या आणि खाली ३० संपर्कबिंदूंची कड. रॅमचे मॉड्यूल म्हणून आज जे ओळखले जाते त्याचा हा पहिला अवतार.

या पट्टीमुळे एक नवा व्यवसाय जन्माला आला. चिप बनवायला अब्जावधी डॉलरांचा कारखाना लागतो. पट्टीवर चिप बसवायला तुलनेने किरकोळ भांडवल पुरते. १९८७ मध्ये जॉन टू आणि डेव्हिड सन यांनी कॅलिफोर्नियात किंग्स्टन कंपनी काढली. पृष्ठभागावर जोडायच्या चिपचा तेव्हा तुटवडा होता. त्यांनी जुन्या धाटणीच्या, सहज मिळणाऱ्या लांब पायांच्या चिप वापरून पट्टी तयार केली आणि ती हातोहात खपली. पुढे कॉर्सेर, मुश्किन, जी.स्किल अशी नावे आली. मायक्रॉनने मात्र १९९६ मध्ये उलट दिशेने येऊन, आपल्याच चिपची मॉड्यूल थेट ग्राहकाला विकण्यासाठी क्रुशिअल हे नाव काढले. इथून पुढे लेबलवरचे नाव एकाचे आणि आतली चिप दुसऱ्याची, अशी स्थिती रूढ झाली. रॅमच्या ब्रँडविषयीचा बहुतेक गोंधळ या एका वस्तुस्थितीतून निघतो.

१९९० च्या दशकात हा गोंधळ शिगेला पोहोचला. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निइहामा इथल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या आवरणासाठी लागणाऱ्या इपॉक्सी राळेचा जगातला मोठा हिस्सा तिथे तयार होई. रॅमचे भाव भडकले आणि महाग मालात भेसळ शिरते तशी ती इथेही शिरली. पॅरिटी असलेल्या मॉड्यूलवर नववी चिप स्मृतीची असायला हवी. काही विक्रेते तिथे एक स्वस्त तर्कचिप बसवत. ती वाचनाच्या क्षणी आठ बिटांकडे पाहून जुळणारा पॅरिटी बिट स्वतःच तयार करी. बिट उलटला तरी पॅरिटी जुळायचीच. यंत्राला चूक कधी कळणारच नाही. नऊ चिपची पट्टी विकत घेणाऱ्याला आठ चिपचेच संरक्षण, म्हणजे काहीच नाही. ही फसवणूक डोळ्यांना दिसत नसे आणि नेहमीच्या चाचणीतही उघडी पडत नसे.

संपर्कबिंदूंचा धातू हीदेखील त्या काळातली एक खरी समस्या होती. काही मॉड्यूलची कड सोन्याचा मुलामा दिलेली असे, काहींची कथलाची. सोन्याची कड कथलाच्या सॉकेटमध्ये बसवली की सूक्ष्म हालचालींमुळे कथलाचे ऑक्साइड सांध्यावर साचत जाई. सुरुवातीला बिनचूक चाललेले यंत्र काही महिन्यांनी कारणाशिवाय बंद पडू लागे. दोष चिपचा नसून जोडणीचा असे, पण बदनाम होई तो ब्रँड. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस इथे सुटे भाग निवडून संगणक जोडून घेणाऱ्या ग्राहकापुढेही नेमका हाच पेच होता: नावाजलेल्या कंपनीची सीलबंद रॅम घ्यायची, की तिच्याहून स्वस्त, लेबल नसलेली?

१९९८ मध्ये स्मृतीला जोडणाऱ्या बसचा, म्हणजे माहितीच्या वाटेचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर गेला तेव्हा ६६ वर निमूट चालणारी कितीतरी मॉड्यूल कोलमडली. चिप वेगवान असूनही पट्टीवरच्या तारांची लांबी, त्यांतले अंतर आणि बोर्डाचे थर नीट नसतील तर संकेत बिघडत. इंटेलने पीसी१०० या नावाने सविस्तर निकष प्रसिद्ध केले. त्यांत चिपच्या वेगाबरोबर पट्टीच्या आराखड्याचाही समावेश होता. मॉड्यूलच्या कोपऱ्यात बसवलेली आठ पायांची एक बारीकशी चिपही त्यात होती. या चिपमध्ये मॉड्यूलची क्षमता, वेग आणि वेळांचे तपशील नोंदवलेले असतात; यंत्र सुरू होताच मदरबोर्ड ते वाचून त्यानुसार स्वतःला जुळवून घेतो. निष्काळजी उत्पादकांनी या चिपमध्येही भलतेच आकडे भरले. त्यामुळे चांगली रॅम मंद चालली किंवा मंद रॅम नको तितकी पळवली गेली. तरीही या निकषांनी एक महत्त्वाचे काम केले. मॉड्यूल बनवणाऱ्याचे कौशल्य चिप बनवणाऱ्याच्या कौशल्यापासून वेगळे मोजता येऊ लागले.

घरबसल्या तपासणीचे साधन तोवर आले होते. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला मेमटेस्ट८६ हा छोटा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधीच सुरू होतो आणि स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक नक्षीने शून्य-एक लिहून परत वाचतो. नक्षी बदलत राहण्यामागे कारण आहे: अशक्त घर एकटे असताना नीट वागते, शेजारच्या घरांत विरुद्ध भार आला की चुकते. एकच फेरी निर्वेध गेली म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. तापलेल्या यंत्रात, रात्रभर, सर्व नक्ष्यांनिशी चालवलेली चाचणीच विश्वासार्ह मानली जाऊ लागली.

२००० साली डीडीआर या नव्या पिढीच्या रॅमचे प्रमाण ठरले आणि त्यानंतर रॅम ठरल्यापेक्षा वेगाने पळवणाऱ्या हौशी लोकांनी तुलनेला वेगळेच वळण दिले. त्यांचा शोध ब्रँडच्या पलीकडे थेट चिपपर्यंत गेला. तैवानच्या विनबॉन्डची बीएच-५ ही चिप २००३ च्या सुमारास त्यांच्यात विख्यात झाली. प्रमाणित २.६ व्होल्टऐवजी तीनहून अधिक व्होल्ट दिले तरी ती सोसायची आणि कमीत कमी विलंबाच्या मांडणीत चढत्या वेगाने चालायची. पुढे सॅमसंगची टीसीसीडी आणि डीडीआर४ च्या काळात सॅमसंगचीच बी-डाय यांना असा मान मिळाला. अडचण अशी की मॉड्यूल कंपन्या एकाच नावाखाली आतली चिप बदलत. कॉर्सेरच्या लेबलवर आवृत्तीचा बारीक क्रमांक छापलेला असे. जाणकार खरेदीदार दुकानात आधी तोच वाचत. परीक्षणासाठी आलेले मॉड्यूल आणि सहा महिन्यांनी त्याच नावाने विकले जाणारे मॉड्यूल यांत नावाखेरीज काहीच समान नसू शकते. ब्रँडच्या तुलनेची बहुतेक परीक्षणे म्हणूनच लवकर शिळी होतात.

वेगाचे जाहिरातीतले आकडे याहूनही फसवे आहेत. डीडीआर-४०० चा विलंब दोन चक्रांचा होता आणि एक चक्र ५ नॅनोसेकंदांचे. गुणाकार १० नॅनोसेकंद. डीडीआर३-१६०० ला आठ चक्रे लागली तरी तेच १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० ची सोळा आणि डीडीआर५-६००० ची तीस चक्रे, हिशेब पुन्हा दहाच. दोन दशकांत दर सेकंदाला वाहून नेता येणाऱ्या माहितीचे प्रमाण पंधरापट झाले. पहिला बिट हाती येण्याची वाट मात्र तेवढीच राहिली, कारण इवल्या कपॅसिटरमधला भार ओळखायला लागणारा वेळ फारसा घटत नाही. एकाच पिढीतल्या दोन नामांकित मॉड्यूलमध्ये रोजच्या कामात जाणवेल असा फरक क्वचितच असतो. इंटेलने २००७ मध्ये आणलेल्या एक्सएमपी या सोयीमुळे जाहिरातीतला वेग एका कळीवर मिळू लागला, मात्र तो प्रमाणित वेग नाही. मॉड्यूल त्या वेगाने चालणे हे प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांवरही अवलंबून असते.

स्थैर्याच्या बाबतीत अँडरसन यांच्या तक्त्याच्या तोडीची मोजणी पुन्हा व्हायला जवळपास तीस वर्षे लागली. २००९ मध्ये बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो आणि वोल्फ-डिट्रिख वेबर यांनी गूगलच्या हजारो यंत्रांवरचा अडीच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलमध्ये निदान एक चूक झाली होती. प्रयोगशाळांच्या आधीच्या अंदाजांपेक्षा हे प्रमाण कितीतरी मोठे होते. चुकांचा मोठा भाग एखाद-दुसऱ्या अल्फा कणाचा नसून मॉड्यूलमधल्या कायमच्या दोषांचा होता. साधारण दीड वर्षाच्या आत वयाचा परिणाम दिसू लागे. तापमानाचा प्रभाव समजला जात होता त्याहून बराच कमी निघाला. उत्पादकांची नावे याही अभ्यासात झाकलेली होती.

२०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल यांच्या संशोधकांनी तीन उत्पादकांची १२९ मॉड्यूल तपासली. स्मृतीची एकच ओळ भराभर पुन्हापुन्हा उघडली की शेजारच्या ओळीतले बिट उलटतात का, हे त्यांना पाहायचे होते. ११० मॉड्यूलमध्ये ते उलटले. २०१२ आणि २०१३ मध्ये तयार झालेले एकही मॉड्यूल यातून सुटले नाही, मग उत्पादक कोणताही असो. रोहॅमर नावाने ओळखला जाणारा हा दोष नेहमीच्या चाचण्यांत दिसला नव्हता. त्याचा गैरफायदा घेऊन यंत्राचा ताबा मिळवता येतो, हे पुढच्याच वर्षी दाखवून दिले गेले. इथे ब्रँडपेक्षा निर्मितीचे वर्ष निर्णायक ठरले. घरे इतकी जवळ आली होती की सर्वच उत्पादक एकाच भौतिक मर्यादेला भिडले होते.

आता तुलनेला उत्पादकही थोडेच उरले आहेत. हिताची आणि एनईसी यांच्या रॅम विभागांतून १९९९ मध्ये उभी राहिलेली एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०१३ मध्ये मायक्रॉनकडे आली. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या चिपची असते. जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीडीआर५ च्या प्रमाणाने दोन गोष्टी बदलल्या. विजेचे नियमन मदरबोर्डवरून मॉड्यूलवर आले, त्यामुळे पट्टी बनवणाऱ्याच्या निवडीला आणि कारागिरीला पुन्हा वजन आले. दुसरे म्हणजे चिप आपल्यातली एका बिटची चूक आतल्या आत दुरुस्त करू लागली. सर्व्हरमध्ये या दुरुस्त्यांची नोंद वाचण्याची सोय असते. घरगुती संगणकात मेमटेस्ट चालवणाऱ्याला मात्र दुरुस्तीनंतरचेच उत्तर दिसते: अशक्त घरे असलेली आणि नसलेली चिप त्याच्या पडद्यावर सारखीच निर्दोष उमटते.